दुसरी डिस्क

उत्तर चुकलं असतं तर प्रवोतोला इतकं काही वाटलं नसतं. चुका सगळ्यांच्याच होतात, आणि लिनक्स या फुकटच्या संगणकप्रणालीच्या फोरमवर तर दुसऱ्याची चूक दाखवून द्यायला माणसं टपूनच बसलेली असतात. पण उत्तर बरोबर निघालं होतं, आणि ते बरोबर निघणं शक्यच नव्हतं. सकाळी ग्रंथालयात येऊन त्याने खिडक्या उघडल्या, वाचकांचे संगणक एकेक करून सुरू केले, कँटीनमधून आणलेला गोड चहा टेबलावर ठेवला आणि सवयीने फोरम उघडला. बू सारिन्तेनच्या प्रश्नाच्या धाग्यावर हिरवी खूण लागली होती : सुटलं. खाली तिने लिहिलं होतं, म्बाह, तुम्ही सांगितलं तसंच केलं, यंत्र सुरू झालं, आमच्या गावाचा रेडिओ पुन्हा बोलायला लागला, फार फार आभार. त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं. बू म्हणजे बाई, तसं म्बाह म्हणजे आजोबा; पन्नाशी नुकतीच उलटलेल्या प्रवोतोला ही पदवी फोरमवरच्या पोरांनी कधीतरी थट्टेने दिली होती आणि मग थट्टा गळून पडून ती तशीच चिकटली होती. त्याने चहाचा घोट घेतला आणि मग त्याला खालचा प्रतिसाद दिसला. सुराबायाच्या त्रेंगोनोचा होता, एकाच ओळीचा. 'म्बाह, कमांडच्या शेवटी बी का लिहिलंय?'

बी. प्रवोतोने आपली कमांड वाचली, पुन्हा वाचली. अपडेटनंतर बू सारिन्तेनच्या यंत्राचा पडदा काळा पडला होता, नुसतीच एक रेघ लुकलुकत होती, तिच्यापुढे कमांड मात्र लिहिता येत होती. त्याने तिला सांगितलं होतं की सुटकेची प्रणाली, म्हणजे अडलेलं यंत्र चालवून देणारी छोटी लिनक्स, पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा, आणि सुरू होताना जो नवा पर्याय दिसेल तो निवडा. साधी गोष्ट. अशी उत्तरं त्याने झोपेतसुद्धा दिली असती. पण कोणत्या डिस्कवर उतरवायचं हे त्या कमांडच्या शेवटच्या अक्षरात असतं. पहिली डिस्क ए, दुसरी बी, मग तिसरी सी. प्रवोतोच्या स्वतःच्या लॅपटॉपमध्ये एकच डिस्क होती, म्हणून त्याचा पेनड्राइव्ह कायम बी असायचा. बोटांनी बी लिहिला आणि डोळ्यांनी त्याला हरकत घेतली नाही. आपल्यावरून जग ओळखावं म्हणतात, त्याने आपल्या यंत्रावरून जगातली यंत्रं ओळखली होती. आणि बू सारिन्तेनने तर पहिल्याच संदेशात लिहिलं होतं, त्रेंगोनोने ते वाक्य उचलून खाली डकवलंही होतं : 'दुसऱ्या डिस्कवर रेडिओची जुनी सगळी रेकॉर्डिंग आहेत, तेवढ्यांना धक्का लागू देऊ नका.' प्रवोतोने हे वाक्य वाचलं होतं. वाचलं होतं हे त्याला आठवत होतं. वाचून त्याचं पुढे काय झालं ते मात्र आठवेना. डोळ्यांतून आत गेलेलं वाक्य कुठेतरी पोचायला हवं ना; ते कुठे गेलं?

चहा गार झाला. एक मुलगी प्रिंटरमध्ये कागद अडकलाय म्हणून सांगायला आली, त्याने उठून कागद काढून दिला आणि परत येऊन बसला. हिशेब काही केल्या जुळत नव्हता. तिने कमांड लिहिली तशी चालवली असेल, तर सुटकेची प्रणाली रेकॉर्डिंगच्या डिस्कवर गेली. मग पेनड्राइव्ह कोराच राहिला. कोऱ्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू होत नाही. पण यंत्र सुरू झालं. म्हणजे तिने कमांड तशी चालवली नाही. बी खोडून सी केला. पण मग 'तुम्ही सांगितलं तसंच' असं तिने का लिहावं? की ती आपलं मन राखतेय? कमांड चालवलीच नाही, यंत्र अजून काळंच आहे, आणि ती बिचारी सुरू झालं म्हणतेय? प्रवोतोच्या लक्षात आलं की आपल्याला हे तिसरं खरं असावंसं वाटतंय. तिचं यंत्र बंद असावं, तिचा रेडिओ मुका असावा, तिने आपल्याशी शुद्ध खोटं बोललेलं असावं. एखाद्या माणसाने आपल्याला फसवलेलं असू दे, अशी प्रार्थना त्याने जन्मात केली नव्हती.

दुपारपर्यंत धाग्यावर बाजार भरला. बांडुंगच्या एकाने लिहिलं की धागा सुटला म्हणजे सुटला, विचारणारी खूश आहे, मग उकरून काय काढायचंय, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यावर मेदानचा एक जण म्हणाला की मूठ झाकली तरी ही कमांड उघडीच आहे, उद्या कुणीतरी शोधत येऊन ती उचलेल आणि स्वतःचं वाटोळं करून घेईल, तेव्हा अख्खा धागा पुसा. पुसायचा कसा, तिसरा उसळला, आपल्याकडे पुसत नाहीत, चुकासुद्धा ठेवतात, मोकळेपणा म्हणजे दुसरं काय असतं. मग मोकळेपणा म्हणजे काय यावर बराच वेळ गेला. कुणीतरी बायकांना दोन डिस्कची यंत्रं झेपत नाहीत असं लिहून गेला, त्याला सगळ्यांनी मिळून धुतलं, आणि त्या धुण्यात सगळे घटकाभर एक झाले. त्रेंगोनो मात्र हटला नाही. सुराबायाची माणसं आडपडदा ठेवत नाहीत, तसा तोही थेट तिच्यापाशी गेला : बू, तुम्ही कमांड जशीच्या तशी चालवलीत का, हो की नाही? बऱ्याच वेळाने तिचं उत्तर आलं. 'इंगिह.' एवढंच. जावाच्या अदबीच्या बोलीतला होकार. तो हो असतो, ऐकलं असतो, आणि आता पुरे करा, पाया पडते, हाही असतो. प्रवोतो जावाचाच होता, योग्यकार्ताच्या गल्लीत वाढलेला. पण त्या एका शब्दाकडे बघत बसल्यावर त्यालाही यातला कोणता ते कळेना.

त्याचे वडील असेच होते. चौकात सायकलरिक्षा लावून बसायचे, आणि परगावच्या माणसाने पत्ता विचारला तर ठाऊक असो नसो, अंगठा पुढे करून दिशा दाखवायचे. लहानपणी एकदा त्याने विचारलं होतं, बापाक, तिकडे तर कापडबाजार आहे, त्या माणसाला दवाखाना हवा होता ना? वडील म्हणाले होते, बाळ, लांबून आलेल्या माणसाला मोकळ्या हाताने परत पाठवू नये. प्रवोतो तेव्हा हसला होता. नंतर कितीतरी दिवस, आठवण आली की तो माणूस त्याला दिसायचा, पोटाशी पिशवी धरून कापडाच्या दुकानांमधून दवाखाना शोधत हिंडणारा. आता तो परत दिसायला लागला, आणि या वेळी त्याने डोक्यावर ओढणी घेतलेली होती. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. न पाहिलेल्या घरांतली न पाहिलेली यंत्रं, न पाहिलेल्या माणसांची बोटं. इथे बसून तो म्हणायचा हे लिही, आणि कालिमंतानमध्ये कुणीतरी ते लिहायचा. त्यातली किती बरोबर गेली, किती नुसतीच सुटलं म्हणून हिरवी झाली? इथे ग्रंथालयात तो कागद अडकला की बोलवायचा माणूस होता. तिथे तो म्बाह होता. त्या दोन माणसांमध्ये फरक काय, तर तिथली माणसं त्याच्यावर विश्वास ठेवून आपल्या हाताने बटण दाबत होती.

जेवायला घरी गेला तेव्हा बायकोने, सुमीने, त्याच्या पुढ्यात भात, टेम्पे आणि फणसाची भाजी ठेवली, आणि तो नुसता भात चिवडत बसलाय हे पाहून काय झालं म्हणून विचारलं. त्याने सांगितलं. अक्षरांची भानगड तिला कळली नसावी, बाकीचं लगेच कळलं.

"फोन कर ना तिला."

"काय विचारू?"

"विचार, तुझं सामान जागेवर आहे का."

"ती आहे म्हणेल. काहीही झालं असलं तरी आहेच म्हणेल."

"मग जा," सुमी म्हणाली. "तुझ्या त्या फुकटच्या प्रणालीपायी तू सुट्टीच्या दिवशी कुठे कुठे जातोस, आज एक दिवस कामाच्या दिवशी जा."

बंतुलच्या बाजूला, बू सारिन्तेनच्या गावाकडे जाणारा रस्ता त्याच्या ओळखीचा होता, तरी त्या दिवशी तो एका वळणावर चुकला. विटांच्या भट्ट्यांजवळ स्कूटर थांबवून तो बघत राहिला. दोन्हीकडे ऊस, मधूनच नवी घरं. नवी म्हणजे भूकंपानंतरची. तेव्हा या भागात उभं असं फार थोडं राहिलं होतं. त्या सकाळी प्रवोतो शहरात होता, अंगणात दात घासत. जमीन गुरासारखी अंग झाडून उठली आणि परत बसली. तोंडातला फेस थुंकायचं त्याला कितीतरी वेळ सुचलं नव्हतं. नंतर ऐकलं की खेड्याखेड्यांतून लोकांनी बांबूवर तार चढवून लहान लहान रेडिओ सुरू केले, कोण सापडलं, कोण नाही, पाणी कुठे येतंय, हे सांगायला. बू सारिन्तेनचा त्यातलाच असणार. म्हणजे त्या दुसऱ्या डिस्कवर ते दिवस असणार. हे त्याने आधी कधी मनात आणलंच नव्हतं. त्याच्यासाठी ती बी होती. तो परत फिरला, कुणालातरी रेडिओ विचारला, त्या माणसाने अंगठ्याने दिशा दाखवली, आणि प्रवोतो त्या दिशेने निघाला खरा, पण हा बाबा तरी खरं सांगतोय कशावरून, हे काही त्याच्या डोक्यातून जाईना.

रस्ता बरोबर होता. बैठं घर, अंगणात उंच बांबूवर तार, आणि शेजारच्या घरातून आणि त्याच्या शेजारच्याही घरातून एकाच बाईचा आवाज येत होता, कालव्याचं पाणी आज कुणाच्या शेताला आहे ते सांगणारा. म्हणजे रेडिओ चालू होता. ती खोटं बोलली नव्हती. आपण इतका वेळ जी आशा धरून होतो ती गेली हे त्याला दारातच समजलं, आणि तरी सगळं ठीक असेल अशी दुसरी आशा त्याच पावलावर उगवली. गाणं लावून ती बाहेर आली. बालवाडीतल्या बाईंसारखी होती, आणि निघालीही बालवाडीतलीच. त्याचं नाव ऐकताच तिने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

"म्बाह, एवढ्या लांब कशाला आलात? कळवायचं तरी. कोंबडी केली असती."

"म्हटलं, यंत्र एकदा बघून जावं."

"बघा की. आता त्याला काय धाड भरलीय? या, आधी काहीतरी प्या."

बाहेरची खोली हीच रेडिओची खोली होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे कागदी ट्रे ठोकलेले, टेबलावर एक माइक, एक जुनाट यंत्र, आणि त्याच्या पडद्यावर सुटकेच्या प्रणालीचं निळं चित्र. प्रवोतोने ते ओळखलं. तिने त्याच्या हातात लाल, तिखट वेदांग उवुहचा पेला दिला. लवंगा आणि काड्या वर तरंगत होत्या. फोरमवर भांडणं लागली त्याचं तिला फार वाईट वाटलं होतं. तिच्यामुळे म्बाहला बोल लागले, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. प्रवोतो यंत्राच्या पुढून बघत होता, मागून बघत होता.

"पेनड्राइव्ह कुठाय?" त्याने विचारलं.

"तो ना? तो मी काढला आणि पुतणीला दिला, तिला शाळेच्या कामाला हवा होता. काढताना धाकधूक वाटली हो, म्हटलं बंद पडतंय की काय. पण काहीसुद्धा झालं नाही. तसंच चालू. आम्ही म्हटलं, म्बाहनी जादूच केली."

पेला हातात तसाच राहिला. सकाळपासून न जुळणारा हिशेब आता एका क्षणात जुळला, आणि जुळला नसता तर बरं झालं असतं. तिने सांगितलं तसंच केलं होतं. प्रणाली रेकॉर्डिंगच्या डिस्कवर जाऊन बसली. यंत्राने सुरू होताना एक नवा पर्याय दाखवला, तो पेनड्राइव्ह नव्हताच, ती तिची दुसरी डिस्क होती. तिने तो निवडला, आणि यंत्र सुरू झालं. उत्तर चुकीचं होतं, आणि त्या चुकीवरच यंत्र चाललं. तरीही सगळं गेलं नसणार, प्रवोतोचं डोकं आपोआप पुढे धावलं. पेनड्राइव्हवर मावेल एवढीच ती प्रणाली, तेवढाच तुकडा तिने झाकला असेल, खाली बाकीचं अजून असेल, बाहेर काढता येईल. फक्त त्याच्यावर नवं काही लिहिलं जाता कामा नये. आणि मग त्याने पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यात एक हिरवी रेघ गाण्याबरोबर वर-खाली होत होती. उरलेली जागा मोकळी आहे असं समजून प्रणालीने ती ताब्यात घेतली होती, आणि रेडिओचा कार्यक्रम नेहमीसारखा आपोआप साठवला जात होता. तिथेच. काल संध्याकाळपासून.

"जुनी रेकॉर्डिंग लावता का कधी?" त्याने विचारलं.

"गुरुवारी लावतो की. उद्याच. आईची असतात. भूकंपानंतर ती रोज संध्याकाळी इथे बसून गायची, तंबूतली पोरं झोपावीत म्हणून. आता ती पोरं मोठी झाली, पण गुरुवारी अजून ऐकतात." ती हसली. "आईचा फोटो एकच आहे, तोही ओळखपत्रावरचा. आवाज मात्र भरपूर."

गाणं संपत आलं होतं. ती माइकसमोर बसली, कानावर हेडफोन चढवला आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली. तो बसला. ती बोलायला लागली : कुणाची तरी काळी शेळी हरवलीय, आरोग्यकेंद्रात उद्या बाळांची वजनं आहेत, वगैरे. प्रवोतो हिरव्या रेघेकडे बघत होता. ती एकेक शब्द बोलत होती आणि तो शब्द आईच्या आवाजावर जाऊन पडत होता. शेळी. काळी. वजनं. तिला थांबवायचं तर सांगावं लागणार होतं. उद्या गुरुवार. उद्या ती डिस्क उघडायला जाईल आणि तिला काहीच सापडणार नाही, आणि तिला वाटेल की अपडेटनेच गेलं, जुनी डिस्क होती, आयुष्य संपलं तिचं. ती धाग्यावर लिहिणारसुद्धा नाही. म्बाहला वाईट वाटेल म्हणून. आत्ता उठून, पेला ठेवून, नमस्कार करून निघालं तर संध्याकाळी तो सुमीला सांगू शकेल की यंत्र सुरू आहे, बाई खूश आहे. त्यातला एकही शब्द खोटा नसेल. हा विचार आपल्याला सुचला याची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाही तो आणखी थोडा वेळ तसाच बसून राहिला. रेघ हलत होती.

"आणि आज आपल्याकडे शहरातून पाहुणे आलेत," ती म्हणाली आणि माइक त्याच्याकडे वळवला. "ज्यांनी आपला रेडिओ दुरुस्त केला ते म्बाह प्रवोतो. म्बाह, दोन शब्द बोला."

"बू, हे बंद करायला लागेल," प्रवोतो म्हणाला. "आत्ता."

ती हसतच होती. "लोक ऐकतायत, म्बाह."

"ऐकू देत. माझी कमांड चुकली. तुमचं यंत्र दुसऱ्या डिस्कवर चाललंय. तुमच्या आईच्या. मी ते सगळं तिथे उतरवायला लावलं, बी लिहिलं, सी लिहायला हवं होतं, तुम्ही आधी सांगितलं होतं आणि मी वाचलंही होतं, मला कळत नाही मी असं कसं..." आता बांध फुटला होता, त्याला सगळं सांगायचं होतं, आपला लॅपटॉप, आपली बोटं, तिने खोटं बोललेलं असावं ही सकाळची आशा, सगळं. बोलता बोलता त्याची नजर पडद्यावर गेली. हिरवी रेघ उंच उंच उड्या मारत होती. हेही लिहिलं जात होतं. त्याची माफीसुद्धा त्या म्हातारीच्या गाण्यावरच पडत होती, आणि तो जितकं बोलेल तितकी ती कमी होणार होती. तो अर्ध्या शब्दावर थांबला. चालत्या यंत्राची वायर ओढू नये हे त्याने शेकडो नवशिक्यांना दरडावून सांगितलं होतं. तो वाकला, भिंतीतला प्लग धरला आणि उपटला.

पडदा विझला. पंख्याची घरघर हळूहळू मंद होत थांबली. शेजारच्या घरात, त्याच्या पलीकडच्या घरात, सगळीकडे नुसती खरखर सुरू झाली. बू सारिन्तेनने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर हसू अजून होतं, त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं म्हणून राहिलेलं. तिने काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग प्लगकडे, मग त्याच्याकडे. ती आता इंगिह म्हणेल, काही हरकत नाही म्हणेल, असं प्रवोतोला वाटलं, आणि तिने तसं म्हणू नये म्हणून त्याने जीव मुठीत धरला.

"किती गेलं?" तिने विचारलं.

"कालपासून जितकं बोललात तितकं. आणि आधीचं थोडं. कुठलं ते उघडल्याशिवाय कळणार नाही. राहिलेलं मी काढून देईन. निदान तसा प्रयत्न करीन."

कालपासून आपण काय काय बोललो ते ती आठवत असावी. तिचे ओठ हलत होते.

"सारिन्तेन," कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "रेडिओ का गं बंद पडला?"

ती प्रवोतोकडेच बघत होती. हसू आता गेलं होतं.

"आज नाही पडला," ती म्हणाली. "कालच पडलाय. आम्हीच बोलत बसलो होतो."